पाचोळ्याचा ड्रम

आमच्या घरातल्या पुरुषांना काम सांगू नये. सांगितलं की ते करतात.

बाबा होते तोवर ही भीती नव्हती. बाबा कुठल्याही कामाला 'करू' म्हणायचे आणि करायचे नाहीत, त्यामुळे घर शाबूत होतं. गळका नळ, फुगून घासणारं दार, कुरकुरणारा पंखा, सगळ्यांना बाबांनी आयुष्यभर 'करू' म्हणून धीर दिला. मागच्या अंगणातला पाचोळा जाळायला एक लोखंडी ड्रम करून हवा, ही आईची मागणीसुद्धा त्याच रांगेत उभी होती. बाबा गेले, रांग तशीच राहिली. नळाचं आणि दाराचं आईने स्वतः बघून घेतलं. ड्रम राहिला.

अंगणात बदामाचं झाड आहे. त्याची पानं चांगली वीतभर मोठी, आणि गळायला लागली की झाड मागचापुढचा विचार करत नाही. आई रोज सकाळी खराट्याने तो पाचोळा गोळा करते, कोपऱ्यात ढीग लावते आणि वारा पडला की पेटवते. या सगळ्यावर शेजारच्या खिडकीतून देखरेख असते. तिथे बसणाऱ्या गृहस्थांना आम्ही खिडकीकाका म्हणतो. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली ती नोकरी आहे. आईने पाचोळ्याचं खत करायला घेतलं तेव्हा उंदीर होतील म्हणून ते ओरडले, ढीग तसाच ठेवला तेव्हा साप येतील म्हणून ओरडले आणि जाळला तेव्हा धूर होतो म्हणून. पाचोळ्याचं आणखी काय करता येतं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

एके दिवशी ढीग पेटलेला असताना वाऱ्याची झुळूक आली आणि जाळाने आईच्या गाऊनची कड धरली. आईने ती पायाने चेपली, वर शेजारच्या बादलीतलं पाणी ओतलं आणि उरलेला पाला जाळून मगच घरात आली. नडगीवर एक फोड आला, तो आठवड्यात सुकला. पण खिडकीकाकांनी या सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. पाण्याची बादली घेऊन धावण्यापेक्षा फोन घेऊन उभं राहणं त्यांना त्या क्षणी जास्त गरजेचं वाटलं असावं. तो व्हिडिओ त्यांनी दादाला पाठवला.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. बिस्किटांच्या कारखान्यात दर्जा तपासणारा साहेब आहे. बिस्किटाचा कोपरा तुटलेला दिसला की तो सगळी खेप थांबवतो. आईच्या गाऊनचा कोपरा जळालेला पाहिल्यावर तो काय थांबवणार हे आम्हाला सांगायची गरज नव्हती. दुसऱ्याच दिवशी तो आला, मला आणि ह्यांना बोलावून घेतलं आणि बैठकीच्या खोलीत उभ्यानेच जाहीर केलं, "आई आता एकटी राहणार नाही. माझ्याकडे येणार. घर बंद करायचं, नंतर काय ते बघू."

"आणि झाड?" आईने विचारलं.

"आई, झाडाचं काय घेऊन बसलीस? उद्या तुला काही झालं असतं म्हणजे?"

दादाचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर आहे. मी तिथे राहून आले आहे. सगळं चकचकीत, खिडक्या उघडत नाहीत, आणि वहिनी इतकी चांगली आहे की पाहुण्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. आई तिथे चार दिवस राहिली की पाचव्या दिवशी टेबल पुसायचं फडकं शोधायला लागते आणि ते कुठे असतं हे तिला कुणी सांगत नाही. आईला तिथे काही कमी पडलं नसतं. करायला मात्र काहीच उरलं नसतं. हे मला दिसत होतं आणि तरी मी त्या दिवशी गप्प बसले, कारण तो फोड मीही पाहिला होता.

 आई म्हणाली, "असं करू. मला एक ड्रम करून द्या. चांगला, भोकं पाडलेला. तो झाला की तुम्हा सगळ्यांसमोर मी त्यात पाचोळा जाळून दाखवीन. जमलं तर मी इथेच राहणार आणि हा विषय बंद. नाही जमलं तर मुकाट्याने तुझ्याबरोबर येईन."

"ठरलं," दादा म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की मला शंका यायला हवी होती.

पुढच्या रविवारी दादाच्या गाडीतून दोन गोष्टी उतरल्या. टपावर दोरीने आवळलेला बुटका निळा लोखंडी ड्रम, आणि डिकीतून पुठ्ठ्याची खोकी. कारखान्यातली कोरी करकरीत खोकी, घडी घातलेली, प्रत्येकावर बिस्कीट खाऊन कमालीचं सुखी झालेलं एक मूल आणि खाली छापलेलं, 'नाजूक माल, जपून हाताळा'.

"ही कशाला?" मी विचारलं.

"लागली तर असावीत," दादा म्हणाला आणि जाड पेन काढून खोक्यांवर लिहायला बसला. 'आई – स्वयंपाकघर.' 'आई – कपडे.' 'आई – औषधं.' एकेक लिहून, तळाला चिकटपट्टी लावून, त्याने ती व्हरांड्यात भिंतीशी रचली. ड्रमचं झाकणसुद्धा अजून निघालं नव्हतं.

आई एका खोक्यासमोर उभी राहिली. "नाजूक माल," तिने वाचलं. "हे बिस्किटांबद्दल आहे ना रे?"

दादाला ऐकू आलं नाही, किंवा त्याने येऊ दिलं नाही.

आता ड्रमचं सांगते. त्याला गोलाई आणि उंची सोडून दुसरा काही गुण नसतो, असं मला वाटायचं. पण आमच्या ह्यांनी बाह्या सरसावल्या आणि ते शास्त्र निघालं. हे मोठमोठ्या ऑफिसांतली हवा थंड करायची यंत्रणा बसवतात. हवा कुठून येते, कुठे जाते, यावर ह्यांचा अधिकार आहे, असं हेच म्हणतात. आमच्या घरी उन्हाळ्यात टेबलफॅन लावून झोपतो, ती गोष्ट वेगळी.

"आधी वास घ्या," हे म्हणाले. ड्रमचं बूच काढून दोघांनी आळीपाळीने नाक लावलं. दादा म्हणाला तेल. हे म्हणाले साबण. भंगारवाल्याला फोन लावला, तो म्हणाला, "निळा आहे ना? चांगला ड्रम आहे." आत काय होतं ते माहीत नसताना तो कापणं म्हणजे बाँबशी खेळणं, एवढं मात्र दोघांनाही व्हिडिओंवरून कळलं होतं, आणि हे त्यांनी शहाणपणाचंच केलं. साबणाच्या गरम पाण्याने ड्रम धुतला, मग कापायच्या रेषेपर्यंत पाण्याने भरला म्हणजे आत वाफ कोंडायला जागा नको, आणि मग छिन्नी-हातोडा घेऊन वरचं झाकण कडेकडेने कापायला सुरुवात केली. एक घाव की अख्खी गल्ली दचकायची. खिडकीकाकांनी खिडकी लावून घेतली. गेल्या कित्येक वर्षांत ती लागलेली मी प्रथमच पाहिली. ड्रमचा तेवढा एक फायदा तिथेच वसूल झाला.

झाकण निघालं आणि भोकांची पाळी आली. इथे दोघांचं बिनसलं.

"भोकं तळापासून चार बोटं वर, एका रांगेत," दादा म्हणाला. "सारख्या अंतरावर. बिस्किटाला असतात तशी."

"बिस्किटाला भोकं शोभेला असतात," हे म्हणाले.

"शोभेला नाही! बिस्कीट फुगू नये म्हणून असतात."

"हा ड्रम फुगणार आहे का?"

दादा तापला. ह्यांनी खडूने ड्रमवर तिरक्या रेषा मारल्या, म्हणजे हवा गोल फिरत वर जाईल. दादाने त्या ओल्या फडक्याने पुसून आडवी रेष मारली. हे चहाला आत गेले की दादा पुसायचा, दादा फोनवर बोलायला गेला की हे पुसायचे. शेवटी दोघांनी आपापली भोकं पाडली. ड्रिलची दोन पातीही त्यात मोडली. ड्रमच्या खालच्या अंगाला एक सरळ रांग आणि तिच्यावरून धावत गेलेल्या तिरक्या रांगा असं नक्षीकाम झालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे दोन अति शहाणे होते आणि ड्रम एकच होता.

या सगळ्यात ज्या बाईला तो ड्रम वापरायचा होता, ती स्वयंपाकघरात दोघांसाठी चहा करत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. चुकले, एकदा विचारलं. दादाने हाक मारली, "आई, चहात आलं घातलंयस का?"

त्याच्या पुढच्या रविवारी राखेचा प्रश्न आला. जळून खाली राख साठणार, ती काढायला तळाशी एक छोटी झडप हवी. झडप केली. पण ती जमिनीलगत, म्हणजे राख काढायला आईला वाकावं लागणार. इथे दादाचा चेहरा एकदम हळवा झाला. "नाही," तो म्हणाला, "आईची कंबर दुखते. तिला वाकायला लागता कामा नये. ड्रमला पाय लावू."

हे खरंच मनापासून होतं, हे मी मान्य करते. दादाचं आईवर प्रेम आहे. फक्त ते प्रेम नेहमी मोजमाप घेऊन येतं. त्याने आईला बाहेर बोलावलं, "जरा सरळ उभी राहा," म्हणाला आणि टेपने जमिनीपासून तिच्या कंबरेपर्यंतची उंची घेतली. हे म्हणाले, "बरोब्बर. झडप कंबरेच्या रेषेत आली की विषय संपला." वेल्डर आला, त्याला आकडा सांगितला. त्याने एकदा ड्रमकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं, आणि खांदे उडवून तीन भक्कम पाय कापायला घेतले. त्याला पुढे दुसरीकडे जायचं होतं.

आई चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. पाय जमिनीवर मांडलेले, शेजारी ड्रम. तिने पायांकडे पाहिलं, ड्रमकडे पाहिलं, आणि तिचे ओठ हलले. ती काहीतरी बोलणार असं मला वाटलं. पण ती वेल्डरला म्हणाली, "साखर किती घालू?"

झाला ड्रम. मुलं झोपाळ्याकडे बघतात तसे दोघं त्याच्याकडे बघत राहिले. झडप बरोब्बर आईच्या कंबरेशी. कड बरोब्बर आईच्या कपाळाशी.

हे माझ्या लक्षात कधी आलं म्हणाल तर परीक्षेच्या दिवशी. त्या आधी ड्रम व्हरांड्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवला होता, लग्नातल्या भेटवस्तूसारखा. पुढच्या रविवारी सकाळी तो अंगणाच्या मधोमध, झाडापासून लांब, मोकळ्या जागी नेऊन उभा केला. पाण्याच्या दोन बादल्या बाजूला ठेवल्या. खिडकीकाका खास आमंत्रणावरून खुर्ची घेऊन कुंपणाच्या भिंतीशी येऊन बसले, फोन तयार ठेवून. दादा म्हणाला, "आई, सुरू कर."

आईने गाऊनवर जाड सुती एप्रन बांधला होता, केस घट्ट आवळले होते. तिने टोपलीभर पाचोळा उचलला आणि ड्रमपाशी गेली. टोपली छातीशी, ड्रमची कड कपाळाशी. तिने टाचा उंचावल्या. टोपली वर नेली, कडेला टेकवली, उलटी करायला गेली. निम्मी पानं आत पडली, निम्मी तिच्याच डोक्यावर आली. एक पान कानावर अडकून राहिलं. ती थांबली. तिने पुन्हा टाचा उंचावल्या आणि तिचा तोल गेला. मी धावले, पण तिने स्वतःच ड्रमला धरून सावरलं.

 ह्यांनी ड्रमकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं आणि फार मोठा शोध लागल्यासारखे म्हणाले, "उंची."

"आत्ता कळलं?" मी म्हणाले. मला इतका राग आला होता की आवाज चिरकला. "दोन आठवडे दोघं मिळून काय करत होतात? कंबर मोजलीत, वरती डोकं असतं हे नाही आठवलं?"

पण दादा वेगळंच काही पाहत होता. तो आईजवळ गेला, तिच्या कानावरचं पान काढलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "नाही ना जमत, आई?"

 तो जिंकल्याच्या सुरात बोलला असता तर मी भांडले असते. तो दुःखी होता, आणि त्याचं दुःख खरं होतं, आणि त्यामुळे त्याच्याशी भांडताच येत नव्हतं. स्वतः चुकीचा ड्रम केला आणि नापास आई झाली, हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. बिस्कीट साच्यात बसलं नाही तर दोष बिस्किटाचाच धरायची त्याला सवय.

"नाही जमत," आई म्हणाली. तिने एप्रनवरची पानं झटकली. "ठरलं होतं ना, नाही जमलं तर येईन. माझा शब्द आहे." मग म्हणाली, "पण इतकी मेहनत घेतलीत दोघांनी. तो ओढतो कसा ते तरी बघू या की. मी गेल्यावर तो भंगारात जाईल. एकदा पेटवून तर बघा."

ह्यांच्या डोळ्यांत चमक आली. खरं सांगायचं तर दादाच्याही. दोन आठवडे ज्याच्यावर भांडले तो पेटवायचा राहून जाणार, हे दोघांनाही मनातून सहन होत नव्हतं. दादाने बाह्या वर केल्या. त्याची छाती कडेला येत होती, ड्रम जणू त्याच्याच मापाचा होता. त्याने पाचोळा लोटला, काडी टाकली.

पाचोळा रात्रीच्या दवाने दमट होता. पांढराशुभ्र धूर निघाला आणि थेट कुंपणाकडे गेला. खिडकीकाका खोकत म्हणाले, "मी म्हणालो नव्हतो?"

"पाला ओला आहे," हे म्हणाले. "आणि पहिला जाळ दणदणीत लागतो. निळा रंग जळून जायला हवा, त्याशिवाय ड्रम तयार झाला असं म्हणताच येत नाही."

"मग कोरडं काहीतरी द्या!" दादा धुरातून ओरडला. "लाकूड, पुठ्ठा, काही पण! लवकर, विझतोय!"

"पुठ्ठा आहे," आई म्हणाली. "आणते."

ती व्हरांड्यात गेली आणि पुठ्ठ्याचा एक मोठा सपाट तुकडा घेऊन आली. दादाने तो न बघताच घेतला, गुडघ्यावर दोनदा मोडला आणि आत खुपसला. क्षणभर काही झालं नाही. मग ड्रमच्या पोटातून घुर्र असा आवाज आला, भोकं आतून लाल झाली आणि जाळ सरळ उभा राहिला. धूर एकदम पातळ झाला.

"बघितलंत!" हे ओरडले. "तिरकी भोकं! हवा फिरतेय बघा!"

"पाय!" दादा ओरडला. "पायांमुळे खालून ओढ लागते! आणा, आणखी आणा!"

आईने आणखी आणलं. आता मी नीट पाहिलं. पुठ्ठ्यावर एक मूल बिस्कीट खात होतं. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस? उचलू लाग."

मी उचलू लागले. आई व्हरांड्यातून आणायची, मी पोहोचवायची, दादा मोडून आत घालायचा. 'आई – कपडे' माझ्या हातातून गेलं, लिहिलेली बाजू खाली धरून. 'आई – औषधं' गेलं. दादा घामाने निथळत होता, चेहऱ्यावर काजळी, आणि लहानपणी पतंग कापल्यावर हसायचा तसा हसत होता. त्याला मी किती तरी वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. निळा रंग फुगून पापुद्रे निघायला लागले होते. हे भोकांसमोर हात धरून हवेचा वेग मोजत होते. मध्येच त्यांची नजर माझ्या हातातल्या पुठ्ठ्यावर गेली, 'स्वयंपाकघर' हा शब्द त्यांनी वाचला, त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की काही गोष्टी नुसत्या बघण्याने कळतात. ह्यांनी तोंड मिटलं आणि पुन्हा हवेकडे वळले.

"आणखी!" दादा म्हणाला.

"हा शेवटचा," आई म्हणाली, आणि तो तिने स्वतः नेऊन दिला. लिहिलेली बाजू वर करून.

दादाने तो मोडायला गुडघा उचलला आणि तसाच राहिला. त्याच्याच अक्षरात, जाड पेनाने लिहिलं होतं, 'आई – बाकी'.

त्याने व्हरांड्याकडे पाहिलं. भिंत मोकळी होती. त्याने ड्रममध्ये पाहिलं. मग आईकडे.

"आई, ही खोकी..."

"तूच मागितलीस."

"पण..."

"मला एक सांग," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "या खोक्यात काय भरणार होतास?"

"बाकीचं. उरलेलं."

"उरलेलं म्हणजे काय?"

 दादा घराकडे बघायला लागला, मग खराट्याने रेघा उमटलेल्या अंगणाकडे, मग झाडाकडे.  दर्जा तपासणारा माणूस, कुठलीही वस्तू कितव्या खोक्यात जाते ते झोपेत सांगेल, पण हे खोकं त्याला भरता येईना.

"मला झोप लागत नाही गं," तो शेवटी म्हणाला. "तो व्हिडिओ आल्यापासून. डोळे मिटले की तुझा गाऊन दिसतो."

"माहीत आहे," आई म्हणाली. "मलाही भीती वाटली होती. कुणाला सांगितलं नाही, तुम्ही मला उचलून न्याल म्हणून. पण तुझ्या घरी बसून मला जाळाची भीती वाटणार नाही, दुसऱ्या सगळ्याची वाटेल. इथे सकाळी उठले की झाडाने काम काढून ठेवलेलं असतं. तिथे मी उठून काय करू?"

ड्रममधला जाळ खाली बसायला लागला होता. ह्यांनी न राहवून हळूच म्हटलं, "विझतोय हं."

दादाने हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग तो गुडघ्यावर एकदा मोडला, दुसऱ्यांदा मोडला आणि आत घातला. 'बाकी' सगळ्यात शेवटी पेटलं.

खिडकीकाका उठले. "म्हणजे हा धूर आता कायमचाच का?" त्यांनी विचारलं. मग खुर्ची उचलून ते निघाले. जाताना मात्र म्हणाले, "पेटला की धूर कमी करतो पण." त्यांच्या तोंडून ही आम्ही ऐकलेली पहिली स्तुती.

दादा तोंड धुऊन आला आणि ड्रमभोवती फेरी मारून म्हणाला, "पाय कापून घ्यायला हवेत. असा तुला वापरताच येणार नाही."

"मी कशाला वापरू?" आई म्हणाली. "मी गोळा करून ठेवीन. तू दर रविवारी ये आणि जाळ. उंच तू आहेस. मला तुझी काळजी नको आणि तुला माझी."

"दर रविवारी?"

"झोप लागेल," आई म्हणाली.

संध्याकाळी आम्ही दोघी भांडी घासत होतो. ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात मला चिकटपट्टीचा मोठा चुरगळलेला गोळा दिसला. खोक्यांच्या तळाला दादाने लावलेली ती सगळी पट्टी कुणीतरी शांतपणे, एकेक करून सोलून काढली होती. आईच्या जाळात प्लॅस्टिक जात नाही, हा तिचा नियम आहे. म्हणजे दादा काडी ओढायच्या कितीतरी आधी हे काम उरकलेलं होतं.

"आई," मी म्हणाले, "वेल्डर पाय कापत होता तेव्हाच तुला उंची कळली होती ना?"

"इतक्या हौसेने करत होते दोघं," ती म्हणाली. "मध्येच कशाला बोलायचं?"

आता दादा दर रविवारी येतो. पाचोळा जाळतो, राख काढतो, आणि त्यासाठी त्याला चांगलंच वाकावं लागतं, कारण झडप आईच्या कंबरेच्या मापाने आहे. वहिनी कधीकधी बरोबर येते, फडकं स्वतः शोधून टेबल पुसते. परवा मी दादाला आठवण करून दिली, "अरे, ते ड्रमचे पाय कापून घ्यायचे होते ना?"

दादाने खराटा भिंतीला टेकवला, हात झटकले आणि म्हणाला, "करू."